घरच्या माणसांच्या नावाने झाडं लावायचीत? मराठवाड्यात ती जगवायची कशी, पहिल्यापासून सगळं

आमच्या बांधावर एक आंबा आहे, त्याचं नाव खोबऱ्या. पणज्याने लावलेला असं घरात सांगतात. आंबा गावरान आहे, फळ लहान, पण कैरी फोडली की ओल्या खोबऱ्यासारखी लागते म्हणून ते नाव पडलं. त्याच्या शेजारी शेप्या होता, त्याला शेपूचा वास यायचा, तो मी लहान असतानाच वाळला आणि त्याचं दुसरं झाड कुणी केलं नाही. आता शेप्याची चव फक्त माझ्या आईला आठवते, माझ्या लेकरांना ती कधीच कळणार नाही, आणि ही गोष्ट मला आजही लागते.

म्हणून 2014 ला मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं की आपल्या घरात ही चाल परत सुरू करायची. जन्माला एक झाड, लग्नाला एक, घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने एक. त्या पावसाळ्यात एका दमात 11 रोपं लावली, फोटो काढले, नारळ फोडला आणि मी नोकरीच्या गावी निघून आलो. पुढची दोन वर्षं काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज भागात माणसांना टँकरची वाट बघावी लागत होती तिथं झाडांना कोण विचारतो. 11 पैकी 2 राहिली. 2017 पासून मी परत सुरुवात केली, दरवर्षी थोडी थोडी, आणि आता 19 झाडं उभी आहेत. मधल्या काळात ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे सगळं लिहून काढतोय. शेत मराठवाड्यात आहे असं धरून लिहिलंय, कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

1. आधी हे ठरवा की पाणी कोण घालणार

झाड कोणतं, कुठलं, कितीला, हे सगळं नंतर. आधी घरात बसून विचारा की मार्च ते जून या झाडाला पाणी कोण घालणार. नाव घ्यायला लावा. "बघू, कुणीतरी घालेल" असं उत्तर आलं तर त्या वर्षी झाड लावू नका, खरंच नका लावू.

आमच्यासारखे जे नोकरीमुळे बाहेर असतात त्यांची इथंच चूक होते. आपण पावसाळ्यात जातो, उत्साहाने लावतो, आणि ओझं पडतं गावातल्या भावावर नाहीतर म्हाताऱ्या आईवर, त्यांना कुणी विचारलेलं पण नसतं. माझ्या भावाने मला एकदा सरळ सांगितलं, "दादा तू लावून जातो, मी बादल्या वाहतो." तेव्हापासून आमच्यात ठरलंय की जेवढ्या झाडांना भाऊ हो म्हणेल तेवढीच लावायची, आणि ठिबकचा, पाइपचा, टँकर लागला तर टँकरचा खर्च माझा. वर्षाला दोन किंवा तीन, जास्त नाही. 11 लावून 2 जगवण्यापेक्षा 2 लावून 2 जगवलेली बरी.

2. झाड कोणतं लावायचं

इथं थोडा वेळ द्या कारण हे झाड तुमच्या नातवंडांपर्यंत टिकायचंय. लवकर वाढतं म्हणून सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प असलं काही नावाचं झाड म्हणून लावू नका. गुलमोहर दिसायला सुंदर, पण तो मूळचा मादागास्करचा, त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि वादळात फांद्या मोडून पडतात. ज्याच्या सावलीत लेकरं खेळणार ते झाड असं नको.

आपल्या मातीतली, कमी पावसात तग धरणारी आणि लांब आयुष्याची झाडं घ्या:

- भारी काळी जमीन असेल पण पाणी साचत नसेल तर आंबा, जांभूळ, चिंच.
- मुरमाड, हलकी, उताराची जमीन असेल तर सीताफळ, बोर, कवठ, बेल, चिंच, कडुनिंब. आंबा पण येतो पण पहिली वर्षं पाण्याची खात्री पाहिजे.
- ओढ्याच्या किंवा तळ्याच्या काठाला अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ.
- मोकळी जागा भरपूर असेल, मंदिराजवळ, शाळेजवळ, शेताच्या कोपऱ्यात, तर वड आणि पिंपळ.

चिंचेबद्दल जरा जास्त सांगतो. चिंच शंभर वर्षं सहज जगते, दुष्काळात टिकते, आणि म्हातारपणी पण उत्पन्न देते. बियापासून लावली तर फळ धरायला दहा वर्षं लागू शकतात, कलम लावलं तर चार-पाच वर्षांत सुरू होतं. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतलं फळ संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं आहे, तिथली प्रतिष्ठान ही चिंचेची जात आपल्या भागासाठीच आहे. सीताफळात बालानगर सगळीकडे मिळतं, आणि आमच्या बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, धारूर 6 ही जात तिथली. बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केसर आंबा या तिन्हीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे ही फळं आपल्या मातीत चांगली येतात हे काही नुसतं आपण म्हणतो म्हणून नाही.

पण एक लक्षात ठेवा, सीताफळाचं झाड काही वडासारखं पिढ्यानपिढ्या टिकत नाही. आजोबांच्या आठवणीला लावायचं असेल तर चिंच, वड, कडुनिंब, आंबा. लेकराच्या जन्माला लावायचं असेल आणि त्या लेकराला स्वतःच्या हाताने आपल्या झाडाचं फळ लवकर खाता यावं असं वाटत असेल तर सीताफळ किंवा कलमी आंबा. माझ्या मुलीच्या वेळी मी वड लावला होता, तिला तो लहानपणी नुसता पानांचा झुपका वाटायचा, धाकट्याच्या वेळी केसर लावला तर तो पहिलीत असताना दप्तरात स्वतःच्या झाडाचा आंबा घेऊन गेला, त्या दिवशी घरी आल्यावर त्याला दुसरं काही बोलायचंच नव्हतं.

3. जागा

आता कडुनिंबाची एक गोष्ट. माझं आजोळ औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळचं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात घर गेलं, मग गावच उठून नवीन ठिकाणी गेलं. जुन्या गावठाणात आता दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी आहेत, कुठली गल्ली कुठं होती हे मामालाही पटकन सांगता येत नाही. पण आजीच्या दारातला कडुनिंब अजून उभा आहे, आणि मामा त्या झाडापासून पावलं मोजत जातो आणि सांगतो की इथं चूल होती, इथं ढाळज (दारालगतची ओसरी), इथं तू पडला होतास. घराची खूण म्हणून तेवढंच राहिलंय. त्यामुळे जागा निवडताना मी आता घाई करत नाही, दोन वेळा जाऊन बघतो.

काय बघायचं ते असं:

वरून विजेची तार जाते का. जात असेल तर दहा वर्षांनी दरवर्षी कुणीतरी येऊन शेंडा छाटणार, झाड वेडंवाकडं होणार.

रस्त्याला लागून आहे का. मराठवाड्यात रस्ते रुंद करताना किती जुने वड, चिंचा, कडुनिंब गेले ते आपण डोळ्याने बघितलंय. वाहतुकीच्या रस्त्यापासून बरंच आत लावा, पुढे रस्ता वाढला तरी झाड वाचेल असं.

वड, पिंपळ, उंबर घरापासून, विहिरीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून निदान 40-50 फूट लांब. यांची मुळं बांधकामात शिरतात.

शेजाऱ्याच्या बांधाला चिकटून लावू नका. झाड मोठं झालं की सावली त्याच्या रानात पडते, सावलीखाली पीक खुजं राहतं, मग रोज भांडण, आणि शेवटी एक दिवस कुणीतरी बुंध्यात काहीतरी ओतून जातं. आपल्या हद्दीत 12-15 फूट आत घ्या. मोठ्या झाडांत 30 फूट अंतर ठेवा.

ट्रॅक्टर कुठून वळतो तेही बघा. नांगरट करताना वळणावरचं झाड हमखास मोडतं.

4. कागदपत्रं आणि सरकारी मदत

स्वतःच्या शेतात झाड लावायला परवानगी लागत नाही. पण गावठाण, गायरान, शाळा, स्मशानभूमी अशा ठिकाणी लावायचं असेल तर ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका. सरपंच बदलला की तिथं सभामंडप होतो.

मदत घ्यायची असेल तर हे विचारा:

कन्या वन समृद्धी योजना. 2018 पासूनची, शेतकरी कुटुंबात मुलगी जन्मली की पावसाळ्यात 10 रोपं मिळतात, 5 साग, 2 आंबा, 1 फणस, 1 जांभूळ, 1 चिंच. अर्ज ग्रामपंचायतीत. यातलं फणसाचं रोप आपल्याकडच्या कोरड्या रानात अवघड जातं, ते घराजवळ सांडपाण्याच्या बाजूला लावा.

जास्त झाडं, म्हणजे छोटी बागच करायची असेल तर रोजगार हमीतून किंवा भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून अनुदान आहे. फुंडकर योजनेत पैसे तीन वर्षांत मिळतात, पहिल्या वर्षी 50 टक्के, मग 30, मग 20, आणि पुढचा हप्ता झाडं जगली असतील तरच.

जवळ ठेवा: सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे, आधार, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, रोजगार हमीसाठी जॉब कार्ड, मुलीच्या योजनेसाठी जन्माचा दाखला, आणि जमीन सामाईक असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र. या शेवटच्या कागदावर माझं एक वर्ष गेलं. चुलत्यांची सही राहिली होती आणि अर्ज परत आला तोपर्यंत लागवडीचा हंगाम संपला होता. आधी सह्या घ्या मग बाकीचं.

5. रोप आणताना फसू नका

मी एका नर्सरीतून केसर म्हणून कलमं आणली, पाच वर्षं पाणी घातलं आणि फळ आलं ते भलतंच, आंबट, रेषाळ. पाच वर्षं परत मिळत नाहीत. त्यामुळे आंबा, सीताफळ, चिंचेची कलमं शक्यतो कृषी विद्यापीठाच्या, संशोधन केंद्राच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच घ्या आणि जातीचं नाव लिहिलेली पावती मागा. बाकी वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बांबू वगैरे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत स्वस्तात मिळतात.

उंच रोपाला भुलू नका. पिशवी लहान आणि रोप पाच फुटी असलं तर खाली मुळं गोल गोल फिरून गुंडाळलेली असतात, असं झाड दोन वर्षं बरं दिसतं आणि मग जागच्या जागी थांबतं. दोन-अडीच फुटाचं, जाड बुंध्याचं, पिशवीबाहेर मूळ न निघालेलं रोप घ्या. कलमाचा जोड बोटाने हलवून बघा, घट्ट पाहिजे, आणि जोडाच्या खालून फुटवे आलेले नकोत.

आणि टेम्पोत उघडं आणू नका, वाऱ्याने पानं करपतात. गोणपाट ओलं करून झाका. आणल्यावर आठ दिवस सावलीत ठेवा मगच लावा.

6. खड्डा

खड्डा उन्हाळ्यात घ्या, एप्रिल-मे मध्ये, आणि उघडा ठेवा म्हणजे ऊन लागून आतली कीड, हुमणी मरते. आंबा, वड, चिंचेला 3 बाय 3 बाय 3 फूट, बाकीच्यांना 2 फूट चालतो. खाली कडक मुरूम लागला तर पहारीने फोडून घ्या, नाहीतर मुळं कुंडीत लावल्यासारखी अडकतात. वरच्या एक फुटाची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका, भरताना वरची चांगली माती आधी आत जाते.

भरायला: चांगलं कुजलेलं शेणखत 3-4 टोपली, निंबोळी पेंड एक-दीड किलो, सिंगल सुपर फॉस्फेट किलोभर, आणि मिळाला तर तळ्यातला गाळ, पण गाळ फक्त मुरमाड जमिनीत. काळ्या जमिनीत गाळ टाकू नका, तिथं आधीच चिकणमाती जास्त असते. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर वाळवी लागते, आमची 2014 ची तीन रोपं अशीच गेली, वरून हिरवी दिसत होती, धरून ओढलं तर हातात आली, खाली मूळच नव्हतं.

आता जमीन बघून पुढचं ठरवा. काळ्या जमिनीत खड्डा म्हणजे टाकी होते, पाऊस झाला की पाणी आत उतरतं आणि बाहेर जात नाही, मुळं कुजतात. तिथं खड्डा भरून जमिनीच्या वर वीतभर उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. मुरमाड जमिनीत उलटं, तिथं जमिनीपेक्षा चार बोटं खाली ठेवा म्हणजे पाणी थांबेल. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, दोन्हीकडं एकसारखं लावलं आणि दोन्हीकडं नुकसान झालं.

7. लावायचा दिवस

मृग निघाला म्हणून लगेच लावू नका. आपल्याकडं जूनमध्ये एक पाऊस होतो आणि मग पंधरा-वीस दिवस ताण पडतो. दोन चांगले पाऊस होऊन खड्ड्यातली माती हातभर खोल ओली झाली की लावा, साधारण जून शेवट ते जुलै. सप्टेंबरच्या पुढं नको, मुळं धरायच्या आत ऊन चटके देतं.

वेळ संध्याकाळची. पिशवी ब्लेडने उभी कापा, ओढून काढू नका, मातीचा गड्डा फुटला की रोप दगावतं. मुळं गुंडाळलेली असली तर खालची थोडी कापून टाका. कलमाचा जोड मातीच्या वर अर्धा फूट राहिला पाहिजे, आणि जोडावरची प्लास्टिक पट्टी आठवणीने काढा. ती राहिली तर बुंधा जाड होताना तिथंच गळा आवळल्यासारखं होतं, मी असं झाड तीन वर्षांनी वाऱ्याने जोडातून तुटलेलं बघितलंय. दोन बाजूंना दोन काठ्या रोवून सैल सुतळीने आठच्या आकड्यासारखं बांधा. मग पायाने माती दाबून घ्या आणि पाऊस चालू असला तरी एक बादली पाणी घाला.

कुटुंबाचा कार्यक्रम म्हणून करायचं असेल तर ज्याच्या नावाचं झाड आहे त्याने माती लोटावी, तान्हं लेकरू असेल तर त्याचा हात मातीला लावून घ्यावा. आमच्या भागात आता बरेच जण रक्षा नदीत न सोडता शेतात खड्ड्यात टाकून त्यावर झाड लावतात. वडील गेले तेव्हा आम्ही पण तेच केलं, भावकीत थोडी कुरबुर झाली, पण आई म्हणाली, "ते शेतातच बरे राहतील." एवढंच करा की राख मूठभर पुरे, सगळी एकाच खड्ड्यात ओतू नका. राख खारट आणि चुन्याची असते, कोवळ्या मुळांना बाधते. ती बांधावर आणि मोठ्या झाडांच्या बुडात पसरून टाका.

8. तीन उन्हाळे

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पावसाळ्यात लावलेलं सगळं जगतं, खरी परीक्षा होळीनंतर. तीन उन्हाळे काढलेलं झाड मग सहसा जात नाही.

पहिला उन्हाळा: मार्च लागला की दर तीन-चार दिवसाला 10-12 लिटर. दुसरा उन्हाळा: आठवड्याला 20 लिटर. तिसरा: दहा-पंधरा दिवसाला 35-40 लिटर. रोज तांब्याभर पाणी घालू नका, त्याने मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकतं. कमी वेळा पण खोल पाणी द्या, आळं बुंध्याला चिकटून न करता दीड फूट लांब गोल करा.

पाणी कमी असेल तर मडकं. कुंभाराकडून 10 लिटरचं साधं मडकं आणा, बुडाला बारीक भोक पाडून सुती कापडाची वात घाला, रोपापासून एक फुटावर गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा नाहीतर डास होतात. तीन-चार दिवसाला भरायचं, सगळं पाणी मुळाशी जातं, वाफ होऊन उडत नाही. 2019 चा उन्हाळा आमची झाडं या मडक्यांवर निघाली. बोअर आटला होता, भाऊ मोटारसायकलवर दोन कॅन बांधून आणायचा, 7 झाडांना 70 लिटर, सातही जगली. पेंट केलेलं मडकं घेऊ नका, ते पाझरत नाही.

आच्छादन टाका. आळ्यात सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा), उसाचं पाचट, वाळलेला पाला, चार-पाच बोटं जाड. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत मुळं तुटतात, आच्छादन असलं की भेगा पडत नाहीत. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी चढते. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करा, दुपारनंतरचं ऊन लई वाईट.

आता ज्यामुळे झाडं खरी मरतात ते:

शेळ्या. एका मिनिटात वर्षाची वाढ खातात. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण, छातीएवढं उंच, निदान दोन वर्षं. जाळीचे पिंजरे महाग पडतात आणि चोरीला पण जातात, काट्या कुणी नेत नाही.

बांध पेटवणं. उन्हाळ्यात गवत जाळायला लोक बांध पेटवतात आणि वारा आला की आग पळते. आमची दोन मोठी, माझ्या उंचीची झालेली झाडं शेजारच्या आगीत गेली, पेटवणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, त्याला दिसलीच नाहीत. फेब्रुवारीतच प्रत्येक झाडाभोवती सहा फूट गवत काढून जमीन नागडी करा आणि काठीला लाल चिंधी बांधा म्हणजे लांबून दिसेल.

तणनाशक. सोयाबीनवर, उसावर मारताना फवारा वाऱ्याने झाडावर जातो, पानं वाकडी होतात. फवारणीच्या दिवशी रोपावर गोणी उलटी घाला आणि फवारा झाला की काढा. फवारणारा मजूर असेल तर त्याच्यासोबत जाऊन झाडं दाखवा, लांबून ओरडून सांगून उपयोग नाही.

झाड मेलंच तर त्याच जागी त्याच नावाने परत लावा, लपवू नका. मुलीचा वड 2016 ला गेला तेव्हा आम्ही तिला खरं सांगितलं, ती लहान होती पण दुसरा वड तिने स्वतः लावला आणि आता सुट्टीत गेली की पहिलं पाणी तीच घालते.

9. जुन्या झाडाचं कलम करून ठेवा

नवीन झाड लावण्याआधी घरचं एखादं जुनं झाड म्हातारं झालंय का बघा. शेप्या आमचा असाच गेला. कोय लावली की तोच आंबा मिळतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण गावरान आंब्याच्या कोयीतून आलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही, बहुतेक वेळा नाहीच निघत. तीच चव पाहिजे तर कलमच करावं लागतं आणि ते घरी जमतं.

कोयी ताज्या पाहिजेत, आंबा खाल्ल्यावर पंधरा दिवसांच्या आत लावा, जास्त वाळली की उगवत नाही. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या फेकून द्या. मोठ्या पिशवीत माती आणि शेणखत घालून कोयीचा पोटाकडचा वळलेला भाग खाली करून लावा. दोन-तीन आठवड्यात तांबूस पानं येतात. ती कोवळी तांबडी असतानाच, म्हणजे रोप उगवून दहा-पंधरा दिवस झाले असताना, कलम करायचं. जुलै-ऑगस्टची दमट हवा बरी, कोरड्या हवेत काडी वाळते.

काडी जुन्या झाडाची, तीन-चार महिन्यांची फांदी, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला. कापायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं कापून टाका, देठ राहू द्या. मग पाच-सहा इंचाची काडी कापा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी वापरा. रोपाचा शेंडा छाटून मधोमध दीड-दोन इंच चीर द्या, काडीच्या बुडाला दोन्हीकडून तासून पाचर करा, चिरेत बसवा, निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे, आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. वरून बारीक प्लास्टिकची टोपी, सावलीत ठेवायचं. तीन आठवड्यात डोळा फुटला तर लागलं. ब्लेड नवीन आणि स्वच्छ, कापलेल्या भागाला बोट लावायचं नाही.

पहिल्या वर्षी मी 20 केली, 4 लागली. दुसऱ्या वर्षी गावातल्या एका म्हाताऱ्या माळ्याला बसवून शिकलो, 20 मध्ये 13. खोबऱ्याची तीन कलमं आता रानात आहेत, एक बहिणीच्या सासरी अंबाजोगाईकडं आणि बाकी भावकीत वाटली. जुनं झाड एका जागी असलं की एका विजेत जातं, म्हणून वाटून टाका.

10. वही आणि वाटणी

एक जाड वही करा. झाडाचं नाव, कुणाच्या नावाचं, तारीख, रोप कुठून आणलं, कुणी लावलं, कुठल्या वर्षी काय झालं, पहिलं फळ कधी. मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल बदलतो. आमची वही देवघरात असते आणि अक्षर आईचं आहे.

सातबाऱ्यावर पण नोंद करा. ई-पीक पाहणीच्या अॅपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे, पिकाची नोंद करतानाच दोन मिनिटांत होतं. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन अशी झाडं 1964 च्या झाडतोडीच्या कायद्यात येतात, स्वतःच्या रानातली असली तरी तोडायला परवानगी लागते. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण व्यापारी येतो, रोख पैसे दाखवतो आणि "कागदाचं मी बघतो" म्हणतो.

आणि वाटणी. झाडं सगळ्यात जास्त वाटणीत जातात, ज्याच्या हिश्श्यात झाड आलं तो विकतो. वाटणीपत्र करताना त्यात झाडांची वेगळी ओळ लिहून घ्या, अमुक गटात अमुक दिशेचा आंबा, त्याचं फळ सगळ्यांचं, सगळ्यांच्या सहीशिवाय तोडायचं नाही. आम्ही भावाभावात हे मागच्या वर्षी लिहून घेतलं, प्रेम आहे तेव्हाच लिहून घेतलं. खोबऱ्याचा पहिला पाड (झाडावर पिकलेला आंबा) आईकडं जातो, मग बहिणीकडं, मग आमच्या दोघांकडं, हे पण त्यात लिहिलंय.

या वर्षी शेप्यासारखा वास असलेलं एक झाड धारूरच्या बाजूला डोंगरातल्या एका वस्तीवर आहे असं कळलंय. जुलैत काड्या आणायला जाणार आहे, आईला सोबत नेणार, वास तोच आहे का ते तिच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. कोयी आत्ताच पिशव्यांत लावून ठेवल्यात.